सेब्योचा गुडघा आणि केशरी आच

सेब्यो दिमायुगाला गेल्या वर्षीच्या सणाला गावाने खुर्ची दिली, आणि तेव्हापासून मला प्लास्टिकच्या खुर्च्यांचा राग आहे.

पवित्र क्रूसाचा सण मे महिन्यात येतो. चॅपलसमोरच्या अंगणात आम्ही सुबली नाचतो, क्रूसाला बोललेला नवस म्हणून. तिथे खुर्च्या मांडतात त्या पाद्रीबाबांना, पाहुण्यांना आणि ज्यांचं आता काही खरं नाही अशा म्हाताऱ्यांना. सेब्यो यांतला कुणीच नव्हता. तो आमच्या सुबलीतला पुढचा गडी. सुबलीत बायका ताठ चालतात, टोपी हातात धरून मनगटं नाचवतात. पुरुषाने मात्र सरळ उभं राहायचं नाही. गुडघे मोडून, कंबरेत वाकून, लंगड्यासारखं जमिनीलगत फिरायचं, दोन्ही हातांत बांबूच्या चिपळ्या वाजवायच्या, मध्येच उसळी मारायची आणि परत खाली. हे सेब्योइतकं झोकात कुणाला जमलं नाही. मी ढोल वाजवतो, फणसाच्या लाकडाचा, माझ्या बापाचा. सगळी वाडी माझ्या ढोलापुढे वाकून गेली आहे, तेव्हा मला कळतं.

त्या दिवशी मी ढोलावर थाप मारली आणि सेब्यो खुर्चीवर. उजवा गुडघा सुजून टम्म. त्याची बायको सेलांग नेहमीच्या जागी नाचायला उभी राहिली, दोन पावलं टाकली, समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि सरळ रांग सोडून त्याच्या खुर्चीपाशी येऊन जमिनीवर बसली, टोपी मांडीवर ठेवून. माझा ठेका चुकला, तो सगळ्यांना ऐकू गेला.

आमच्यात रीत अशी की पुढचा गडी एखाद्या सणाला चुकला तर ठीक आहे, माणूस आहे, आजारी पडतो. लागोपाठ दुसरा सण चुकला तर मात्र चिपळ्या दुसऱ्याच्या हाती द्यायच्या. दुसरा म्हणजे अंबो. नारळाच्या झाडावर माकडासारखा चढतो, गुडघ्यांत नुसत्या स्प्रिंगा आहेत, आणि नाचताना सगळा वेळ आपल्याला कोण बघतंय ते बघत असतो. मी त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही. एवढंच सांगतो की सेलांग त्याच्यासमोर नाचणार नव्हती. म्हणजे सेब्योच्या चिपळ्या गेल्या की तिची टोपीही गेली.

मी आणि सेब्यो एकाच अंगणात काम करतो. दोन मुठींत मिटणारा चाकू हा आमच्या वाडीचा धंदा. सेब्यो ट्रकच्या जुन्या पाट्यांतून पाती घडवतो, मी म्हशीच्या शिंगाच्या मुठी घासून त्यांना बसवतो. सेब्यो मिसरूड फुटल्यापासून भट्टीपुढे उकिडवा बसत आला. म्हणजे पोटही गुडघ्यावर आणि नवसही गुडघ्यावर. तो बिचारा किती वर्षं ऐकून घेणार? शेवटी हाडावर हाड घासायला लागलं. आमच्याकडे दिमायुगा या आडनावाचा अर्थच ‘न हलणारा’ असा आहे. उजव्या गुडघ्याने तो फार मनावर घेतला.

ऑपरेशन जानेवारीत झालं, तीन राजांचा सण उरकल्यावर. जुना सांधा काढून धातूचा बसवला. शुद्धीवर आल्यावर माणसं बायकोला हाक मारतात. सेब्योने सर्जनला हाक मारली.

“डॉक्टर, पोलाद कुठलं घातलंत?”

“पोलाद नाही, कोबाल्टचा मिश्रधातू आहे.”

“त्याला पाणी दिलंय का?”

“म्हणजे?”

सेब्योने माझ्याकडे बघून मान हलवली. “तेबान, ज्याला पोलादाला पाणी देणं ठाऊक नाही, त्याच्याकडून मी सांधा बसवून घेतला.”

तिथून त्याला सोपवलं जोयलिनच्या हाती. बाजारात औषधांच्या दुकानामागे या फिजिओथेरपिस्ट पोरीची खोली आहे. एक पलंग, धरून चालायच्या दोन दांड्या, जागेवरची सायकल, लाकडाच्या चार पायऱ्या. घराणं कोळ्यांचं, लहानपण मासळीच्या लिलावात गेलेलं. त्यामुळे अंगाने काडी असली तरी आवाज असा की दुकानातला माणूस गोळ्या मोजताना दचकतो.

“मामाय,” ती पहिल्याच दिवशी, आमच्यात वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं, म्हणाली, “स्नायू झोपी गेलाय. नुसतं गोंजारून तो उठणार नाही, त्याला थकेपर्यंत काम द्यावं लागेल. दुखेल, दुखू द्या. गरम होईल, होऊ द्या. आणि झालं की वरून बर्फ.”

सेब्यो पलंगावरून उतरायलाच लागला.

“वरून काय?”

“बर्फ. सूज उतरायला.”

“तापल्या गुडघ्याला बर्फ! सेलांग, चल घरी. ही पोरगी मला पास्मा करून मारणार.”

इथे मला सेब्योची बाजू घेतलीच पाहिजे. तापलेल्या अंगाला गार पाणी लागलं की पास्मा होतो, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. हात थरथरतात, तळव्यांना घाम सुटतो, शिरा फुगतात. सेब्योने उभ्या जन्मात भट्टीवरून उठून कधी लगेच हात धुतले नाहीत. तसाच काळ्या हातांनी जेवतो, सेलांगच्या शिव्या खातो. आणि त्याच्याजवळ याहून मोठं कारण होतं.

“आत धातू आहे ना? मग ऐक. तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की ज्या आकारात असेल त्या आकारात कायमचं ताठ होतं. माझा गुडघा आत्ता काठीसारखा सरळ आहे. तू तो तापवणार आणि सरळ असतानाच थंड करणार. आकार यायच्या आधी पाणी? वेडी आहेस का?”

“मामाय, तापतो तो स्नायू, आतला धातू नाही.”

“धातूचं मला नको सांगूस.”

सेलांगने त्याच्या दंडाला चिमटा काढला तेव्हा तो गप्प झाला. “बरं,” म्हणाला. आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. सेब्यो जेव्हा भांडतो तेव्हा काळजी नसते. तो ‘बरं’ म्हणतो तेव्हा समजावं की मनात काहीतरी शिजतंय.

त्याने काय केलं? सगळे व्यायाम केले. एकही चुकवला नाही. सकाळी कोंबडा आरवला की हा पलंगावर टाच सरकवतोय, दुपारी पाय उचलतोय, संध्याकाळी अंगणात फेरी. पण सगळं इतकं हळू, इतकं अलगद, जणू पायाखाली अंडी पसरली आहेत. हेतू एकच की गुडघा तापलाच नाही पाहिजे. तापला नाही तर बर्फाचा प्रश्नच नाही. त्यात सेलांगची माया. पाय उचलायचा म्हटलं की ती खालून हात लावायची, म्हणजे अर्धा पाय तीच उचलायची. वर मासळीचं कढण, वर पंख्याचा वारा. मी मुठी घासत बघायचो आणि म्हणायचो, “सेब्यो, व्यायाम करतोयस की पाळणा हलवतोयस?”

“तुला काय कळतंय? वेळच्या वेळी होतोय सगळा.”

जोयलिन विचारायची, “दहापैकी किती जोर लागला, मामाय?”

“पुरेसा.”

“आकडा सांगा.”

“मी काय शाळेच्या परीक्षेला बसलोय?”

“गरम झाला?”

“छे. थंडगार. बर्फ नको.”

मार्चमध्ये सर्जनने बोलावलं. मीही गेलो होतो, कारण ट्रायसिकल रिक्षातून सेब्योला उतरवायला दोघं लागायचे. सर्जनने पाय हातात धरला, वाकवून पाहिला, आणि त्याचा चेहराच उतरला. काटकोनाच्या खूप अलीकडे गुडघा अडत होता.

“आतून चिकटत चाललाय,” तो म्हणाला. “मांडी बघा, मनगटाएवढी राहिलीय. पुढच्या तपासणीपर्यंत असाच राहिला तर भूल देऊन मलाच जोर लावून वाकवावा लागेल. आणि तेव्हा किती वाकेल याची हमी मी देत नाही.”

“आणि नाच?” सेलांगने विचारलं.

“कसला नाच?” सर्जन म्हणाला.

घरी आलो तर कुंपणापलीकडून चिपळ्यांचा आवाज येत होता. अंबोचा सराव सुरू होता. सेब्यो भट्टीजवळच्या उंच स्टुलावर बसला आणि म्हणाला, “तेबान, भाता ओढ.” तो असा बसला म्हणजे त्याला रडू येत असतं, हे मला आमच्या मैत्रीत कधीचंच कळलेलं आहे. मी भाता ओढला.

दुसऱ्या दिवशी जोयलिन आपल्या स्कूटरवरून थेट आमच्या अंगणात. हेल्मेटही काढलं नाही.

“सर्जनने मला झापलं! फोनवर! म्हणे काय शिकवतेस? मी काय सांगू? म्हातारा मला बनवतोय असं सांगू?”

सेब्यो भट्टीकडे बघत राहिला. मी सांडशीत एक पाटा धरून बाहेर काढत होतो. विषय बदलायला बरं म्हणून त्याने माझ्यावर तोंड सोडलं.

“अरे, लाल आहे अजून! लाल असताना काढतोस? वाकेल का तो? शिंग घासणारा तो शिंगच घासणार. ठेव आत! केशरी होऊ दे!”

मी पाटा परत आत ठेवला. जोयलिनने हेल्मेट काढलं.

“लाल असताना वाकत नाही?”

“वाकतो, पण नावाला. जोर तेवढाच लागतो आणि पाटा जागचा हलत नाही. वर चिरा जातात.”

“आणि केशरी झाला की?”

“मग सांगशील तसा वाकतो.”

“अजून तापवला तर?”

“पांढरा होतो. ठिणग्या उडायला लागल्या की समजायचं, पोलाद जळलं. जळलेलं फेकूनच द्यायचं. त्याचं काही होत नाही.”

ती पोरगी भट्टीपुढे उकिडवी बसली, निखाऱ्यांकडे बघत. मग मान वळवून म्हणाली, “मामाय, खरं सांगा. इतके दिवस तुम्ही माझ्याकडे व्यायाम करत होतात, तो कुठल्या रंगाचा?”

मी सेब्योला पोरगा असल्यापासून ओळखतो, पण तो असा पकडला गेलेला कधी पाहिला नव्हता. त्याने काळा हात तोंडावरून फिरवला.

“काळाच,” तो म्हणाला. “भट्टीत घातलाच नव्हता.”

सेलांग दारात उभी होती. तिच्या हातातलं पातेलं खाली आलं. “म्हणजे मी रोज पाय धरत होते तो...”

“तू काळं लोखंड पुसत होतीस, मावशी,” जोयलिन म्हणाली. “झालं गेलं. मामाय, आकडे गेले खड्ड्यात. आजपासून मला रंग सांगायचा. मला केशरी हवाय. धाप लागली पाहिजे, मांडी थरथरली पाहिजे, आणखी दोन वेळा जमेल पण तिसरी वेळ जमणार नाही असं वाटलं पाहिजे.”

“आणि बर्फ?”

“बर्फ राहू दे. पाय उंच ठेवून पडा. बर्फ मिळाला तर बरा, नाही मिळाला तर गुडघा अडून बसत नाही. आच मिळाली नाही तर मात्र बसतो.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही बोलू दिलंत?” ती उठली. “बर्फ तुम्ही मागाल तेव्हाच देईन.”

“मी मागेन?” सेब्यो कितीतरी दिवसांनी हसला. “त्या दिवशी ज्वालामुखीवर बर्फ पडेल.”

त्यानंतर काय झालं ते मी त्या खोलीच्या दारात बसून डोळ्यांनी पाहिलं. खुर्चीवरून हात न लावता उठायचं, बसायचं, उठायचं. ते सोपं झालं की पोटाशी तांदळाची पिशवी धरून. पायरी चढायची आजारी पायाने, उतरायची सावकाश, धाडकन नाही. घोट्याला वजन बांधून पाय सरळ करायचा आणि तसाच धरायचा. सायकल. मग पालथं झोपून पाय मागे वाकवायचा, आणि जोयलिन वरून दाबायची तेव्हा सेब्यो ज्या शिव्या द्यायचा, त्या लिहिल्या तर पाद्रीबाबा माझा ढोल जप्त करतील.

“रंग?” जोयलिन लिलावाच्या आवाजात ओरडायची.

“लाल!”

“लालवर मासळी विकत नाही! हवा द्या, मामाय, हवा द्या! रंग?”

“केश... केशरी!”

“धरा! धरा! सोडा.”

सेलांग पहिल्या दिवशी रडली. “मारते ही त्याला,” म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात तीच दारातून ओरडायला लागली, “खोटं बोलतोय तो, जोयलिन! केशरी नाही. केशरी झाला की त्याची डावी भुवई वर जाते. मला लग्नाचं विचारताना गेली होती.” सेब्योची भुवई तेव्हापासून आमच्या सगळ्यांच्या पहाऱ्यात होती. गुडघा काटकोनात आला, मग काटकोनाच्या पुढे सरकला. मांडीला मांस धरायला लागलं. सेब्यो जेवायला लागला, लोमीच्या घट्ट शेवयांची दोन-दोन वाडगी, आणि माझ्या मुठींना नावं ठेवायला लागला. तेव्हा मला खात्री पटली की माणूस सुधारतोय.

आणि मग अंबोने निरोप पाठवला. “मामायना सांगा, पुढच्या रांगेतली खुर्ची मी स्वतः पुसून ठेवतो.” अंबो म्हणतो तो निरोप मानाचा होता. असेल.

त्या आठवड्यात दुपारी सगळी वाडी आडवी झाली की सेब्यो परसात जायचा, खांद्यावर तांदळाचं अख्खं पोतं घ्यायचा आणि घराच्या दगडी पायऱ्या चढायचा, उतरायचा, चढायचा. डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. एक दिवस मी शिंगं आणायला परसात गेलो तर हा पायरीवर बसलेला, पोतं बाजूला पडलेलं, आणि गुडघा पपनसाएवढा.

“अति तिथं माती, सेब्यो!” मी ओरडलो. “हे काय करून बसलास?”

त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. “पांढरा केला मी त्याला, तेबान,” तो म्हणाला. “जाळला.”

जोयलिन आली. रागावली नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो. तिने गुडघा चारी बाजूंनी चाचपला, पोटरी दाबून पाहिली, ताप आहे का विचारलं, टाक्यांचा वण बघितला. सेब्यो तिच्याकडे बघत होता, जसा एखादा बकरा खाटिकाकडे बघेल.

“जळलं का?” त्याने विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

“मामाय, इथे तुमची भट्टी चुकते,” ती म्हणाली. “हे पोलाद नाही. मांस आहे. पोलाद जळलं की जळलं. मांसाला विसावा दिला की ते परत येतं. आजची सूज उद्या सकाळी उतरलेली नसली तर समजायचं की पांढरा झाला, आणि आच कमी करायची. बंद नाही करायची. कळलं? पुन्हा काळं लोखंड घेऊन बसलात तर मी स्वतः अंबोला चिपळ्या नेऊन देईन.”

पवित्र आठवडा लागला होता. आमच्यात तेव्हा भट्ट्या विझतात, घण कुणी उचलत नाही. सेब्योने पाय उशीवर ठेवला, दिवसातून थोडा वेळ फक्त लाल रंगावर हलवला, आणि येशूच्या दुःखभोगाचं गायन चाललं होतं ते पडल्या पडल्या ऐकलं. मी शेजारी बसायचो. त्याने एकदाच विचारलं, “तेबान, माझ्यानंतर अंबोसाठी तू कसा वाजवशील?” मी म्हटलं, “बेसूर.” त्यावर तो हसला आणि झोपला. मला मात्र झोप आली नाही. खरं सांगतो, त्या आठवड्यात मी क्रूसाशी जरा चढ्या आवाजात बोललो.

ईस्टरच्या सकाळी सूज उतरलेली होती. सेब्योने पाय खाली सोडला, वाकवला, आणि डाव्या भुवईकडे बोट करून सेलांगला म्हणाला, “लक्ष ठेव.” त्यानंतर त्याने एकदाही आच चुकवली नाही. ना कमी, ना जास्त. चांगला लोहार तो असाच असतो. त्याला फक्त कुणीतरी भट्टी दाखवायला हवी होती.

एप्रिलच्या शेवटी सर्जनने पाय हातात घेतला आणि वाकवला. वाकवत गेला. मग पुन्हा सरळ करून पुन्हा वाकवला.

“हा कुणी वाकवला?” त्याने विचारलं.

“हिने तापवला,” सेब्यो सोबत आलेल्या जोयलिनकडे बोट दाखवून म्हणाला, “मी वाकवला.”

नाचाची परवानगी मिळाली, एका अटीवर: उसळी मारायची नाही. सेब्योने क्रूसाची शपथ घेतली. जोयलिन म्हणाली, शपथ क्रूसाची नको, सेलांगची घ्या. त्याने तीही घेतली.

सणाचा दिवस उजाडला. अंगणात केळीच्या पानात उकडलेल्या चिकट भाताच्या सुमानांचा वास, मुलांची पळापळ, पाद्रीबाबा, पाहुणे, आणि पुढच्या रांगेत एक पांढरी खुर्ची, खरोखरच पुसलेली. सेब्यो लाल रुमाल गळ्यात बांधून आला आणि तिच्याकडे न बघता पुढे गेला. हातात चिपळ्या. समोर सेलांग, टोपी हातात. अंबो दुसऱ्या जागेवर उभा होता आणि सेब्योच्या गुडघ्याकडे टक लावून बघत होता, जसं सगळं गाव बघत होतं.

मी ढोलावर बसलो. मनात पक्कं ठरवून आलो होतो की सावकाश वाजवायचं. कुणाला कळणार नाही इतकं सावकाश, सुरुवातीला तरी. माझा मित्र आहे तो. मी पहिली थाप मारली, दुसरी मारली, आणि सेब्यो वाकला. दोन्ही गुडघे मोडले, पाठ खाली आली, चिपळ्या कडाडल्या. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत तो माझ्यासमोरून जाताना मान तिरकी करून खेकसला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा.

“तेबान! कुणाच्या मयताला वाजवतोयस? भाता ओढ!”

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मग मी ओढला. बापाच्या ढोलाची कसलीही गय न करता ओढला. सेब्यो जमिनीलगत असा फिरला की धूळ त्याच्या कंबरेपर्यंत उडाली. सेलांगची मनगटं अशी फिरत होती की टोपी दिसेनाशी झाली. बाकीचे गडी उसळी मारायचे तेव्हा सेब्यो नुसता टाचा उचलायचा आणि चिपळ्या इतक्या जोरात वाजवायचा की उसळी मारली नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. अंबो धापा टाकायला लागला. खोटं का बोला, मला फार बरं वाटलं. गर्दीतून लिलावाचा आवाज आला, “रंग, मामाय?”

“केशरी!” सेब्यो ओरडला. “बघ, केशरी!”

डावी भुवई वर होती. मी पाहिली, सेलांगने पाहिली. सेलांग नाचता नाचता रडत होती आणि हसत होती, आणि मी म्हातारा माणूस, ढोलावर टपटप पाणी पडत होतं ते घामाचं नव्हतं.

शेवटची थाप पडली. गाव ओरडत होतं. पण सेब्यो सरळ झालाच नाही. तो तसाच वाकलेला राहिला, दोन्ही गुडघे मोडलेले, आणि मला वाटलं, अडकला. सेलांग पुढे धावली. त्याने हात करून तिला थांबवलं.

“जोयलिन,” तो म्हणाला, “बर्फ आण.”

सगळीकडून कालवा. “अरे, पास्मा होईल! तापलाय तो! वेड लागलं म्हाताऱ्याला!” पाद्रीबाबासुद्धा अर्धे उठले. जोयलिन सरबताच्या गाडीकडे धावली, बर्फाचा मोठा तुकडा फडक्यात बांधून घेऊन आली, आणि त्याच्यापुढे धरून विचारलं, “नक्की ना, मामाय?”

“पोलादाला पाणी कधी देतात?” सेब्योने विचारलं. “आकार आल्यावर. आज आकार आलाय. आता असाच राहू दे.”

आणि त्याने तो बर्फ स्वतःच्या हाताने त्या वाकलेल्या, तापलेल्या गुडघ्यावर दाबून धरला, सगळ्या वाडीदेखत, आणि डोळे मिटले. काही झालं नाही. हात थरथरले नाहीत. फक्त पाणी पोटरीवरून ओघळत धुळीत गेलं. सेलांगने आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली.

अंबोला राहवलं नाही. बिचारा मनाने वाईट नाही, मी म्हटलंच होतं. त्याने ती पांढरी खुर्ची उचलून आणली आणि सेब्योच्या मागे ठेवली.

सेब्योने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं.

“तेबानला दे,” तो म्हणाला. “दमलाय तो.”

सगळं गाव हसलं, आणि मी बसलो, कारण मी खरंच दमलो होतो.